करिश्माचा बिल्ला

मी केंद्रावर रुजू झाले त्या दिवशी गॅमा मशीनवर जेवणाचे डबे ठेवलेले होते. खोलीत नव्हे, थेट मशीनवर. हे काय म्हणून विचारलं, तर उत्तर मिळालं की ही खोली गार असते, भाजी आंबत नाही. मी डबे उचलून बाहेर व्हरांड्यात मांडले आणि त्या दिवसापासून केंद्रात माझ्याशी कुणी जेवायच्या वेळी बोलेनासं झालं.

आमचं केंद्र म्हणजे विद्यापीठाचं बियाणे संशोधन केंद्र. बार्शीकडच्या वाशीच्या पुढे माळावर एक बैठी इमारत, मागे प्रयोगाची शेती, आणि इमारतीच्या टोकाच्या खोलीत ते मशीन. शिशाचा भला थोरला पिंप, माणसाच्या छातीला लागेल एवढा. त्याच्या पोटात कोबाल्ट. ज्वारीचं, तुरीचं, करडईचं बी नळीतून आत सोडायचं, ठरलेला वेळ किरणं द्यायची, वर काढून शेतात पेरायचं. त्यातून एखादं रोप वेगळं निघतं, कमी पाण्यावर येणारं किंवा लवकर निसवून कणीस धरणारं, आणि मग त्याच्या मागे लागायचं. मशीन चांगलं आहे. नियम पाळले तर त्याच्याइतकं निरुपद्रवी काही नाही. पण नियम पाळले जात नव्हते. श्रावणात तपासणीला माणसं आली, त्यांनी शेरे मारले, आणि दिवाळी झाल्यावर विद्यापीठानं मला सुरक्षा अधिकारी म्हणून इथं पाठवलं.

माझं नाव भुवनेश्वरी. भौतिकशास्त्र शिकवते. माहेर मुरूमचं, त्यामुळं घरात कानडी आणि बाहेर मराठी, आणि डोकं फिरलं की दोन्ही एकदम, असं माझा नवरा म्हणतो. इथं आल्यापासून दोन्ही भाषांना भरपूर काम मिळालं. किरणं मोजायच्या यंत्रातले सेल संपून आत गंज धरला होता. खोलीची किल्ली खोलीच्याच दाराशेजारी खिळ्याला टांगलेली, म्हणजे चोरालासुद्धा विचारायची गरज नको. दारावरचा लाल दिवा कधीच गेला होता.

आणि बिल्ले. मशीनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला छातीवर लावायला एक बिल्ला असतो. वरती नाव, आत एक छोटी पट्टी. हा बिल्ला किरणं अडवत नाही, नुसती नोंदवतो. उन्हात वाळत टाकलेल्या कापडाचा रंग किती उडाला यावरून ऊन किती लागलं ते समजावं, तसं. पट्टी ठरावीक काळानं प्रयोगशाळेत पाठवायची, मग कळतं कुणाच्या अंगाला किती किरणं लागली. आमच्या लोकांना एवढंच ठाऊक होतं की बिल्ला हरवला तर लेखी खुलासा द्यावा लागतो. म्हणून ते बिल्ले कपाटात कुलूप लावून ठेवायचे आणि तसेच कामाला जायचे. बिल्ले सुखरूप, माणसं उघडी.

महिनाभरात मी हे सगळं मार्गावर आणलं. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. दिवा लागला, किल्ली कुलूपबंद कपाटात गेली, सगळ्यांच्या छातीवर बिल्ले आले. मशीन चालवणारे शंकरप्पा जुने, मशीन आलं तेव्हापासूनचे, येत्या मार्चला निवृत्त होणारे. त्यांना मी सर्वांत जास्त बोलले असेन. ते ऐकून घ्यायचे, कपाळावरची विभूती पुसली जाणार नाही इतक्या बेतानं घाम टिपायचे आणि म्हणायचे, बरं हाय मॅडम. मग खरंच तसं करायचे. अशा माणसावर फार वेळ रागावताही येत नाही.

आमच्यात एक मुलगी होती, करिश्मा. बियाणं मोजून, पुड्या बांधून नळीत भरायचं काम तिचं. सासर वाशीतलंच. नवरा भागवत एसटीत वाहक, सासू तारामती मेंढरं राखणारी. करिश्माला दिवस गेले होते. तिनं नवरात्राच्या आधीच कार्यालयात कळवलं होतं, आणि माझ्या आधीच्या साहेबांनी आयुष्यात एकच नियम पाळला असेल तर तो हा, की तिला त्याच दिवशी मशीनच्या कामावरून काढून टेबलावर बसवलं. मी आले तेव्हा ती नोंदी करत बसायची, चिंच चोखायची आणि मी बघितलं की चिंच खणात टाकायची.

गरोदर बाईसाठी मर्यादा फार कडक असते. ती मशीनपाशी जात नसली तरी तिची पट्टी लवकर तपासलेली बरी, म्हणून मी बाकीच्यांच्या आधी तिची एकटीची पट्टी पाठवली. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, करायचं तर नीट करावं. उत्तर आलं तेव्हा मी उभीच राहिले. तिच्या पट्टीवर नोंद होती, आणि ती गरोदर बाईच्या मर्यादेच्या चौपट होती.

जिच्याबद्दल नोंद आहे तिला ती सांगावीच लागते, हाही नियमच. मी करिश्माला आत बोलावलं, दार लावलं आणि सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, “मॅडम, मी आत गेलेच न्हवते.” मी तिला विचारलं, एखाद्या वेळी, कुणाला निरोप द्यायला, काही आणायला? ती पुन्हा तेच म्हणाली. मी मान हलवली, पण मनात म्हणाले, पट्टी काही खोटं बोलत नाही. मशीनभोवती मी स्वतः मोजणी केली. कुठं गळती नव्हती. म्हणजे मुलगी आत गेली असणार आणि भीतीनं कबूल करत नसणार, असाच माझा तर्क झाला. करिश्मानं घरी सांगितल्यावर माझ्यासारखाच तो घरातल्यांचाही झाला.

मी त्यांच्या घरी गेले. गावाच्या कडेला घर, अंगणात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं बसवलेली. भागवत सुट्टी काढून घरी थांबला होता. मी त्यांना समजावलं की ही नोंद मर्यादेपेक्षा जास्त असली तरी मर्यादा मुद्दाम फार खाली ठेवलेली असते, बाळाला इजा व्हायला याच्या कितीतरी पट किरणं लागतात, आणि या आकड्यावरून मूल काढायचा सल्ला जगातला कुठलाही जाणता डॉक्टर देणार नाही. बाळाला काही होण्याची शक्यता नगण्य आहे, असं मी म्हणाले.

तारामती तोवर ऐकत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “नगण्य म्हंजी हाय की न्हाय?”

मी म्हणाले, शास्त्रात शून्य असं कधी म्हणता येत नाही.

“म्हंजी हाय,” तारामती म्हणाल्या.

त्या बाईला मी अडाणी म्हणणार नाही. त्यांच्या भावाचा मुलगा जन्मापासून अंथरुणावर आहे, आणि भावजय त्याच्यापायी कशी झिजली ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या म्हणाल्या, मेंढीला काही झालं तर दिसतं, चरायची थांबते, मागं राहते. हे तुमचं काही दिसतच नाही, मग आम्ही कशावरून धीर धरायचा? यावर मी पुन्हा आकडेच सांगितले. भागवतनं बार्शीच्या एका दवाखान्यात सोमवारचा नंबर लावला होता. तो वाईट माणूस नाही. बोलताना त्याला बायकोकडं बघता येत नव्हतं. करिश्मा भिंतीला टेकून बसली होती, हात पोटावर. तिला कुणी काही विचारलं नाही, मीसुद्धा नाही. निघताना ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, मॅडम, तुम्हाला पण खोटंच वाटतंय ना.

तो शुक्रवार होता. शनिवारभर माझा कशात जीव लागला नाही. चिडचिड होत होती, आणि ती नेमकी कुणावर हे कळत नव्हतं. नियम पाळले नसते, पट्टी लवकर पाठवली नसती, तर इतक्यात कुणाला कळलंही नसतं आणि मूल सुखरूप जन्मलं असतं. नियम पाळले म्हणून आता सोमवारी ते मूल जाणार होतं. सुरक्षा अधिकारी म्हणून मी ज्याचं रक्षण करायचं, ते माझ्याच हातून मारलं जाणार होतं.

रविवारी सकाळी मी केंद्रावर गेले. पट्टी प्रयोगशाळेकडं जाते, पण बिल्ल्याची वरची डबी आपल्याकडंच राहते. करिश्मानं तिची डबी माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. ती मी उगाच हातात घेऊन बसले. उघडली, बंद केली. मागच्या चिमट्याच्या खाचेत काहीतरी पांढुरकं साचलं होतं. आधी वाटलं चुना असेल. टाचणीनं उकरलं, चिमटीत घेऊन चोळलं. मऊ, जराशी खरखरीत, गोवरीच्या राखेचा वास. हा वास माझ्या नाकाला ओळखायला वेळ लागत नाही. आमच्या घरी लहानपणी आंघोळ झाली की आजोबा तीन बोटं पाण्यात बुडवून कपाळावर ओढायचे, मग आम्हा पोरांना रांगेत उभं करायचे. विभूती होती ती.

करिश्माच्या सासरी भंडारा उधळतात. विभूती कुणी लावत नाही. आणि आमच्या केंद्रात विभूतीवाले दोघंच, मी आणि शंकरप्पा.

शंकरप्पा त्या दिवसांत केंद्रावर नव्हते. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते बसवकल्याणला लेकीकडं गेले होते आणि आदल्या दिवशी परत आले होते. म्हणजे प्रयोगशाळेचं उत्तर आल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. मी तशीच गाडी काढून त्यांच्या घरी गेले. बाजारपेठेत मागच्या गल्लीत घर. शंकरप्पा काळा चष्मा लावून खाटेवर बसले होते. मला बघून उठायला लागले. मी बसा म्हणाले. जगदेवीबाई, त्यांच्या पत्नी, चहाला आत गेल्या. मी डबी त्यांच्या हातात दिली.

“ही पूजेत होती का, शंकरप्पा?”

त्यांनी डबी डोळ्यांजवळ नेली, नाव वाचलं. “व्हय,” म्हणाले. “खंडेनवमीला.”

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. शेतकरी नांगर, कोयता पुजतो, गॅरेजवाला पाने, दुकानदार तराजू. शंकरप्पा गॅमा मशीन पुजायचे. पिंपाला विभूतीचे तीन पट्टे ओढायचे, झेंडूची माळ घालायचे, वर फुलं, नारळ, खोबरं. यंदा नवमीच्या दिवशीच सगळ्यांचे नवे बिल्ले आले होते. करिश्मा त्या दिवशी माहेरी होती, तिचा बिल्ला तिच्या टेबलावर पडून होता. हे सगळं मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. बाकीचे बिल्ले कपाटात होते. पूजेत फक्त हिचाच का ठेवला, असं मी विचारलं.

“पोरगी न्हवती त्या दिशी,” शंकरप्पा म्हणाले. “घरचं माणूस पूजेला हजर नसलं की त्याची एखादी वस्तू ठेवत्यात आमच्याकडं. माझा भाऊ फौजेत व्हता तवा आमी दसऱ्याला त्याची टोपी ठेवायचो. हिचं काय ठेवावं म्हणून बघितलं तर टेबलावर नवा कोरा बिल्ला, वर तिचं नाव. फुलांत ठेवला. म्हणलं देवा, दोन जिवांची हाय, सुखानं सुटका व्हऊ दे.”

“आणि काढला कधी?”

“दसऱ्याला पूजा उतरवायची, तर सुट्टी व्हती. मग शनवार-आयतवार. सोमवारी काढला, पुसला अन् तिच्या टेबलावर ठेवून दिला.”

मला इतका राग आला की मी खुर्चीतून उठले. मशीनच्या शिशाच्या भिंतीतून थोडी किरणं बाहेर झिरपतातच. माणूस क्षणभर जवळ उभा राहिला तर त्याला काही होत नाही. पण नवमीपासून सोमवारपर्यंत रात्रंदिवस एखादी वस्तू मशीनला चिकटवून ठेवली तर ती सगळं पीत बसते. हे शंकरप्पांना मी सांगायचं? या माणसानं निम्मं आयुष्य त्या पिंपाजवळ काढलं. मी तसं म्हणाले, दोन्ही भाषांत म्हणाले. जगदेवीबाई चहा घेऊन दारातच थांबल्या.

शंकरप्पांनी काळा चष्मा काढला. “मशीनच्या अंगाला थोडं असतंच, ठावं हाय मला,” ते म्हणाले. “पर त्या येळी तो मला मशीनचा बिल्ला वाटलाच न्हाय, अव्वा. ती पोरगीच वाटली.”

मग मी त्यांना प्रयोगशाळेचं उत्तर काय आलं ते सांगितलं, आणि सोमवारी बार्शीला काय ठरलंय तेही. त्यांच्या चेहऱ्याकडं बघवेना. जगदेवीबाईंनी चहा खाली ठेवला आणि कानडीत त्यांना म्हणाल्या, उठा, सदरा घाला.

मी त्यांना थांबवलं. इथून पुढं काय होणार हे सांगणं माझं काम होतं. म्हणाले, हे मला वर कळवावं लागेल, तुमचं लेखी म्हणणं जोडावं लागेल. मशीनवर पूजा मांडली, दुसऱ्याचा बिल्ला मशीनवर ठेवला, अशी नोंद तुमच्या नावावर जाईल. मार्चपर्यंत तुम्हाला मशीनच्या खोलीत पाऊल ठेवता येणार नाही. निवृत्तीच्या दिवशी लोक तुमच्या कामाबद्दल बोलायला उभे राहतील तेव्हा त्यांच्या मनात हेच असेल. आणि हेही सांगते, राखेच्या चिमटीशिवाय माझ्याकडं दुसरा पुरावा नाही.

“लिवा,” शंकरप्पा म्हणाले. “पर आधी पोरीकडं चला.”

आधी पोरीकडं जावं असं मलाही वाटत होतं, पण मी मोजल्याशिवाय बोलणार नव्हते. तारामतींच्या घरी पुन्हा अंदाज घेऊन जायची माझी हिंमत नव्हती. आम्ही केंद्रावर गेलो. शंकरप्पा खोलीच्या उंबऱ्याशी थांबले, मी आत गेले. डबी नेमकी कुठं होती ते ते बाहेरून सांगत होते. जरा डावीकडं. नारळाच्या अलीकडं. नळीच्या झाकणाला टेकून. मी तिथं मोजणीचं यंत्र धरलं. झाकणाच्या सांध्यापाशी नोंद बाकीच्या अंगापेक्षा जास्त यायची, हे मला आधीच्या मोजणीतून ठाऊक होतं, आणि ती मर्यादेतच होती. जो आकडा आला त्याला नवमी ते सोमवार इतक्या तासांनी गुणलं. हिशेब फळ्यावर केला. उत्तर प्रयोगशाळेच्या आकड्याशी इतकं जुळलं की मी खडू खाली ठेवला आणि मला रडू आलं. त्या मुलीपुढं माझी मलाच लाज वाटत होती. ती खरं बोलत होती आणि मी पट्टीवर विश्वास ठेवला होता. खोटं तर पट्टीही बोलत नव्हती. ती कुणाच्या अंगावर होती, एवढंच आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

फळा पुसायच्या आधी मी शंकरप्पांना आतूनच विचारलं, पुढल्या वर्षीपासून पूजा दाराबाहेर करायला सांगितली तर चालेल का लोकांना. ते म्हणाले, चालंल की, देवाला उंबऱ्याचं काय. मग म्हणाले, मला तोवर कुणी विचारनार न्हाय, तुमीच सांगा.

करिश्माच्या घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मेंढरं अजून रानातून यायची होती, वाघर रिकामीच होती. तारामती कोकराला बाटलीनं दूध पाजत बसल्या होत्या. भागवत दारात उभा राहिला, आम्हाला आत या म्हणाला, पण आवाजात ओल नव्हती. करिश्मा स्वयंपाकघराच्या चौकटीत आली. ती रडलेली नव्हती. रडून झालेली होती.

मी बोलायला तोंड उघडलं, पण शंकरप्पांनी हातानं मला थांबवलं. ते खाली घोंगडीवर बसले आणि जे मला सांगितलं होतं तेच सगळं पुन्हा सांगितलं. नवमी, फुलं, फौजेतल्या भावाची टोपी, नवा कोरा बिल्ला. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. काय मागितलं होतं तेही सांगितलं. बोलताना ते तारामतींकडं बघत होते, करिश्माकडं त्यांना बघता येत नव्हतं. शेवटी म्हणाले, “बिल्ला तिथं व्हता, पोरगी तिच्या माहेरी व्हती. चूक माझी हाय. तिचा ह्यात कायबी दोष न्हाय.”

कोकरू दूध संपलं तरी बाटली ओढत होतं. तारामतींनी बाटली काढून घेतली आणि माझ्याकडं वळल्या.

“आता तुमी सांगा, मॅडम. आकडा नगं.”

गेल्या खेपेला त्यांनी हेच विचारलं होतं आणि मी शास्त्र सांगत बसले होते. या वेळी मला शास्त्र आड आलं नाही. मी म्हणाले, “बाळाला काही झालेलं नाही. करिश्माच्या अंगाला ती किरणं लागलेलीच नाहीत.”

तारामतींनी मान हलवली. मग उठून त्या सुनेजवळ गेल्या. मला वाटलं तिला जवळ घेतील, पण त्या घरात तसली पद्धत नसावी. त्यांनी तिच्या खांद्यावरचा पदर उगाचच सारखा केला आणि म्हणाल्या, “तू आत गेली न्हवतीस. म्या तुझं ऐकाया पायजे व्हतं.” करिश्मानं नुसतं हं केलं. भागवत फोन घेऊन अंगणात गेला. उद्याचा नंबर नको, असं तो कुणाला तरी सांगत होता, एकदा सांगून झाल्यावर पुन्हा सांगत होता. मग फोन खिशात घालून तो तिथंच वाघरीला हात लावून पाठमोरा उभा राहिला आणि बराच वेळ आत आला नाही.

करिश्मानं चहा केला. माझा कप माझ्या हातात दिला आणि दुसरा घेऊन ती शंकरप्पांपुढं बसली. त्यांनी हात जोडले, घेतला नाही. या घरचा चहा घ्यायचं तोंड राहिलं नाही माझं, असं काहीतरी ते पुटपुटले. म्हणाले, घरी गेल्यावर देवापुढं बसून सांगणार आहे, नवमीचं मागणं मागं घेतलं म्हणून. आपल्या हातून मागितलेलं पोरीला बाधलं, आता ते नको.

करिश्मा कप तसाच धरून बसली होती.

“अप्पा,” ती म्हणाली, “बिल्ला तुमी चुकीच्या जागी ठेवला. मागणं तेवढं ऱ्हाऊ द्या. माझ्यासाठी या दिवसांत दुसऱ्या कुणीच काही मागितलं न्हाय.”

तारामती खाली बघायला लागल्या. मीही बघितलं. शंकरप्पांनी कप घेतला. थोडा चहा बशीत सांडला, तो त्यांनी आधी प्यायला आणि मग कपातला. डोळ्यातून पाणी येत होतं ते पुसायला त्यांनी बोटं नेली. ऑपरेशनच्या डोळ्याला हात लावू नका, असं मी म्हणाले, आणि त्यांनी नेहमीसारखं, बरं हाय मॅडम म्हणून हात खाली घेतला.